अनामत रुपये पंधरा

जून २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या वाचनालयाच्या जुन्या कीर्दीला, म्हणजे रोजच्या हिशोबाच्या वहीला, इस्त्री करत बसले होते. ३ जूनला दुपारी निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरापासून खाली मंडणगड-दापोलीपर्यंतचा सगळा पट्टा झोडपून गेलं. आमच्याकडे वीज परत यायला कित्येक दिवस लागले. म्हणून शेजारच्या काकूंच्या माळ्यावरची कोळशाची इस्त्री खाली काढली. करवंटीचे निखारे घालायचे, भिजक्या पानावर सुती पंचा टाकायचा आणि इस्त्री नुसती टेकवून उचलायची. जरा दाबली की शाई पंच्यावर उतरायची. दिवसाला चाळीसेक पानं व्हायची. अंगणात सुपाऱ्या आडव्या पडलेल्या, नारळाचे शेंडे मोडलेले, आणि मृग नुकताच लागलेला.

वाचनालयाचे निम्मे पत्रे उडाले होते. कपाटं भिंतीला लागून होती म्हणून बरीच पुस्तकं वाचली, पण हिशोबाच्या वह्यांची लाकडी पेटी नेमकी उघड्या पडलेल्या भागाखाली होती. पुस्तकं गावाने वाटून नेली. कुणी पडवीत दोरीवर टाकली, कुणी माजघरात चुलीशेजारी उभी केली. वह्या मी घरी आणल्या, कारण मी खजिनदार. पुस्तक पुन्हा विकत मिळतं. १९५४ सालची कीर्द पुन्हा कुठून आणणार?

मी पोस्टाची बचत एजंट आहे. हर्णै-आंजर्ल्याच्या आसपासच्या वाड्यांमधून दर महिन्याला दीड-पावणेदोनशे घरांची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, गोळा करते. २००९ साली तात्यांनी खजिनदारकी सोडली तेव्हा सभेत कुणीतरी म्हणालं, "ताई नाहीतरी घरोघर जातातच, वाचनालयाची वर्गणी पण आणतील." सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर. तात्यांनी तीस वर्षं सांभाळलेली पेटीची चावी माझ्या हातात आली. त्यानंतर अकरा वर्षं मी हिशोब लिहीत होते, पण मागच्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या. त्या पावसाने उघडायला लावल्या. पान वाळेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नसायचं, म्हणून मी वाचत गेले.

पहिल्या वहीत वर 'श्री', डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे (म्हणजे खर्च), आणि दोन्हीकडे तीन-तीन रकाने: रुपये, आणे, पै. वर्गणी महिना चार आणे. ३१ मार्च १९५७ला हे तीन रकाने संपतात. १ एप्रिलपासून देशात दशमान नाणी सुरू झाली आणि आमचं हिशोबाचं वर्षही त्याच दिवशी सुरू होत असल्याने नव्या पानावर सरळ 'रुपये' आणि 'नवे पैसे' असे दोन रकाने आले. चार आण्यांचे बरोबर पंचवीस नवे पैसे झाले, तिथे काही अडलं नाही. अडलं ते शिल्लक पुढे ओढताना. अखेरची शिल्लक होती १८ रुपये ११ आणे ५ पै. तिचे १८ रुपये ७१ नवे पैसे कसे झाले, ते सगळं गणित त्या वेळच्या खजिनदारांनी समासात मांडलं आहे, आणि पैशाचा जो तुकडा उरला त्याच्यापुढे 'सोडला' असं लिहून सही केली आहे. पैशाच्या एका तुकड्यासाठी सही! त्या सहीवरून मी पंचा उचलला तेव्हा ती पुसली नाही ना, हे बघताना माझे हात थरथरत होते.

आमच्या बाजूच्या बहुतेक संस्थांचा जीव तेव्हा मुंबईत होता. शाळा असो, देऊळ असो की वाचनालय, गावात काही उभं राहायचं ते गिरणीतल्या पगारावर. लालबाग-परळला गावाची म्हणून एक खोली असायची. पाळ्या लावून माणसं तिथे झोपायची, खोलीचं भाडं वाटून घ्यायची, आणि त्याच खोलीत ग्रामस्थ मंडळाची सभा भरायची. त्या सभेत गोळा झालेली रक्कम गणपतीच्या आधी मनीऑर्डरने गावात यायची. आमच्या वहीत तिच्यासाठी 'मुंबई मंडळाकडून' असं स्वतंत्र खातंच होतं. १९८१ सालच्या भाद्रपदात त्या खात्यावर ३०१ रुपये जमा आहेत. वाचनालयाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा तो मोठा हिस्सा होता.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि आमच्या लहानशा वहीतही तो तारखेसकट ओळखता येतो. १९८२च्या भाद्रपदात मुंबईहून आले ५१ रुपये. १९८३ साली तात्यांनी खात्याचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'निरंक'. १९८४, निरंक. १९८५, निरंक. अशी सात वर्षं. खातं बंद करून टाकलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं, दरवर्षीची एक ओळ वाचली असती. पण ते खातं तात्यांनी मिटवलं नाही. देणारी माणसं आपलीच आहेत, आज त्यांच्याकडे नाही, एवढाच त्या निरंकचा अर्थ होता असं मला वाटतं.

त्याच वर्षांत सभासद मात्र वाढले. १९८१ साली ९६, १९८४ साली १६३. मला आधी ही चूक वाटली. मग लक्षात आलं, माणसं गावी परतली होती. हाताला काम नव्हतं, मुंबईत असल्यापासून पेपर वाचायची सवय होती, ती वाचनालयात येऊन बसायची. म्हणजे पैसे आटले आणि वाचक वाढले, दोन्ही एकाच कारणाने. महिन्याला रुपया वर्गणी, तीही त्यांच्याकडे नव्हती.

तात्यांनी काय केलं ते मला १९८३च्या मे महिन्याच्या पानावर सापडलं. तेव्हा इमारत कौलारू होती आणि पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट लावणं, व्हायची. त्या पानावर जमेला एकाखाली एक नावं आहेत, प्रत्येकापुढे 'वर्गणी १२', काहींपुढे 'अनामत १५'. आणि समोर नावे बाजूला तीच नावं, त्याच क्रमाने, तेवढ्याच रकमा, 'शाकारणी मजुरी'. त्या दिवशी एक पैसासुद्धा हातातून हातात गेला नव्हता. पण प्रत्येकाला पावती मिळाली आहे, पावती क्रमांकासह. त्यांना फुकट वाचू दिलं असतं तरी चाललं असतं, वाचनालयाचं काही जाणार नव्हतं. तात्यांनी ते केलं नाही. वर्षभराची वर्गणी भरलेला सभासद म्हणून त्यांनी त्या माणसांना वाचायला बसवलं. मी आरडीच्या धंद्यात तेवीस वर्षं आहे, माणसाला पावती हातात घेताना बघितलं आहे. तिची किंमत मला माहीत आहे.

जुन्या वह्यांमधल्या सगळ्याच गोष्टी मला पटल्या असं नाही. आजीव सभासदत्वाचंच बघा. १९७५ साली १०१ रुपये घेऊन आजीव सभासद करायला सुरुवात झाली. त्या काळी एकशे एक म्हणजे मोठी रक्कम, आणि ती कायम निधीत जायची, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं खर्चायचं. दहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला दहा रुपये. पन्नास पैसे महिन्याच्या काळात हे ठीक होतं. पण माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाचतो. या काळात पेपरचं बिल किती पटींनी वाढलं, आणि त्याचे दहा रुपये दहाच राहिले, पुढे व्याज उतरलं तेव्हा सहावर आले. असे अठ्ठावन्न आजीव सभासद झाले. सगळी चांगली, हौसेने वाचणारी माणसं. त्यांचा दोष काहीच नाही. पण संस्थेने एका वर्षाची अडचण भागवायला पुढच्या चाळीस वर्षांची वर्गणी विकली होती. आजही कुठलीही लहान संस्था 'आजीव सभासद मोहीम' काढते तेव्हा मला काळजी वाटते. कुणी विचारलं तर मी सांगते, घ्यायचेच असतील तर त्या रकमेच्या व्याजातून दरवर्षीची वर्गणी सुटते का, ते आधी कागदावर मांडून बघा.

वर्गणीचंही तसंच. चार आणे, मग पन्नास पैसे, १९७९ साली रुपया, १९८८ला दोन, १९९७ला पाच. आणि तिथे ती थांबली. पुढे चोवीस वर्षं पाच रुपये. त्यातली पहिली बारा वर्षं तात्यांची, उरलेली बारा माझी.

सरकारी अनुदान असतं ना, असं बाहेरचे विचारतात. असतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा, त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान. आमचं 'ड'. २०१२ साली अनुदान दीडपट झालं, त्यानंतर वाढलं ते २०२२ साली, साठ टक्क्यांनी. मधली दहा वर्षं तेवढंच. त्या दहा वर्षांत ग्रंथपालबाईंचा पगार आम्ही कसा दिला ते आमचं आम्हाला माहीत, आणि त्यांनी तेवढ्यात कसं भागवलं ते त्यांना. अनुदान हप्त्याने येतं आणि हप्त्याला उशीर झाला की पगाराला उशीर होतो. गावातल्या वाचनालयाची बाई दिवसाचे चार तास बसते, नोंदी ठेवते, मुलांना पुस्तकं काढून देते, आणि तिच्या पगाराचा आकडा सांगायला मला आजही संकोच होतो. हे बदललं पाहिजे, यापेक्षा सौम्य शब्दात मला सांगता येणार नाही.

बाकी जमा बाजू म्हणजे चिल्लर. रद्दी विक्री, विलंब शुल्क, हरवलेल्या पुस्तकाची भरपाई. त्यातल्या त्यात मला आवडणारं खातं म्हणजे दिवाळी अंक योजना. दिवाळीनंतर तीन महिने, ठरावीक रक्कम भरा, आलेले सगळे अंक आळीपाळीने वाचा. ही योजना पहिल्या वर्षापासून कधी तोट्यात गेलेली नाही. शिमग्यापर्यंत अंकांची मुखपृष्ठं सुटतात, कोपरे वळतात, आणि मग तेच अंक निम्म्या किमतीत विकून पुन्हा चार पैसे येतात. एकाच कागदाला तीनदा उत्पन्न: वाचताना, विकताना, आणि न विकले गेलेले अंक रद्दीत जाताना.

आता माझ्या चुकीकडे येते.

२०१२ साली गावाच्या एका कुटुंबाने, जे दोन पिढ्यांपासून मुंबईत स्थायिक आहे, वाचनालयाला दहा लाख रुपये दिले. अट एकच, रक्कम कायम निधीत ठेवायची. त्या जूनमध्ये आम्ही ती पाच वर्षांच्या मुदत ठेवीत टाकली, पावणेनऊ टक्क्यांनी. वर्षाला साडेसत्त्याऐंशी हजार व्याज! त्या वर्षी आमचे २०४ सभासद होते आणि माझ्या घरोघरच्या फेऱ्यांमधून वर्गणी जमली होती ११,४००. साडेसत्त्याऐंशी हजारांपुढे अकरा हजार म्हणजे काय? कार्यकारिणीत कुणी तसं बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. माझ्या मनात तर नक्की. आरडी गोळा करताना पावतीपुस्तक बरोबर न्यायचं मी हळूहळू सोडलं. साठ रुपयांसाठी एखाद्या घरी तीनदा जायचं, 'पुढच्या महिन्यात या' ऐकायचं, कशासाठी? व्याज तर बसल्या जागी खात्यात येत होतं.

वर्गणी मागायला गेलं की नुसती वर्गणी येत नाही, हे मी विसरले. दारात उभं राहिलं की कुणी सांगतं, अमुक पुस्तक मागवा. कुणी सांगतं, संध्याकाळी दिवा लवकर बंद होतो. सून नवीन आली असेल तर तिला नाव घालता येतं. मी जायची थांबले, आणि ही सगळी बोलणी थांबली. दोन वर्षं वर्गणी थकली की सभासदांच्या यादीतून नावं कमी होत गेली. २०१७ साली ठेव नव्याने ठेवली ती साडेसहा टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. म्हणजे साडेसत्त्याऐंशीचे पासष्ट हजार झाले. तेव्हा तरी जागं व्हायला हवं होतं. एका वर्षी बँकेने व्याजावर दहा टक्के कर कापून घेतला आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरण्यात आमचे महिने गेले, त्या गडबडीत व्याज का घटलं याकडे कुणी बघितलं नाही.

तीन वर्षांची मुदत संपली जून २०२०मध्ये. डोक्यावर पत्रे नाहीत, टाळेबंदी चालू, कीर्द पंच्याखाली, आणि त्या महिन्यात बँकेचा दर ५.४ टक्के. चोपन्न हजार. आणि मार्च अखेरीस भरलेले सभासद किती? ७१.

इस्त्री करता करता मी १९८३चं ते पान आणि माझं २०२०चं पान शेजारी ठेवलं. तात्यांच्या पानावर शिल्लक ४० रुपये आणि पुढच्या वर्षी १६३ सभासद. माझ्या पानावर दहा लाखांची ठेव आणि ७१. दोघांपैकी कुणाची संस्था धडधाकट, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

छपराचा खर्च निघाला दीड लाखाच्या वर. पंचनामे घरांचे आणि बागांचे होत होते, वाचनालय कुठल्या रकान्यात बसवायचं याचं उत्तर मला कुठल्याच कचेरीत मिळालं नाही. कर्ज काढू म्हटलं, तर सार्वजनिक विश्वस्त संस्थेला कर्ज काढायलाही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. १९५०च्या कायद्यातलं ते ३६ अ कलम मला तेव्हा पाठ झालं. कलम ३६ आधीच माहीत होतं. आमच्या आवारातल्या तीन गुंठ्यांवर एका जमीन दलालाचा डोळा होता, समुद्र दिसतो ना तिथून. दोन-तीन सभासदांना तो मार्ग सोपा वाटला. पण संस्थेची जमीन अशी विकता येत नाही, परवानगी लागते आणि ती घ्यायला विक्री संस्थेच्या हिताची आहे हे दाखवावं लागतं. कायद्याचे मी तेव्हा मनापासून आभार मानले. ज्या माणसाने ते तीन गुंठे बक्षीसपत्राने दिले त्याने स्वतः कातळ फोडून तिथे विहीर पाडली होती.

गावाची एक मुलगी अमेरिकेत आहे, तिने एक लाख पाठवायची तयारी दाखवली. तीन दिवस मी आनंदात होते. मग कळलं, तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी आपल्याला घेता येते. नागरिकत्व बदललं की तीच रक्कम, त्याच माणसाची, विदेशी अंशदान ठरते, आणि त्यासाठी २०१०च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी हवी, दिल्लीत ठरलेल्या शाखेत खातं हवं. आमच्यासारख्या वाचनालयाला ते कुठून जमणार? मी तिला फोन करून नको म्हटलं. ती रडली. "मी गावची नाही का आता?" असं तिने विचारलं, आणि माझ्यापाशी कायद्याचं उत्तर होतं, दुसरं नव्हतं.

शेवटी पत्रे आले ते तुकड्यातुकड्याने. कुणी पाच पत्रे, कुणी लोखंडी पाइप, हार्डवेअरवाल्याने उधारी, तीन वाड्यांमधल्या पोरांनी मजुरी. १५ ऑक्टोबर २०२०पासून ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली, त्या दिवशी आमच्या अर्ध्या खोलीवर पत्रे आणि अर्धीवर ताडपत्री होती. आम्ही उघडलं.

पुढच्या जुलैत चिपळूणला पूर आला. १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाण्यात गेलं, ज्या संस्थेने २०१३ साली साहित्य संमेलन भरवलं होतं. आमच्या जिल्ह्यात रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८चं. या संस्थांनी किती राजवटी आणि किती पूर पाहिले! चिपळूणच्या भिजलेल्या पुस्तकांचे फोटो बघताना मला आपल्या पंच्याचा वास आला, आणि तिथल्या कुणा अनोळखी खजिनदाराची फार काळजी वाटली.

सर्वसाधारण सभा आम्ही गणपतीत घेतो, चाकरमानी गावात असतात म्हणून. एरवी गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग तीच माणसं त्याच बाकांवर बसून ती पुन्हा सुरू करतात. सप्टेंबर २०२१च्या सभेला मात्र माणसं व्हरांड्यात उभी होती. मी ठराव मांडला: वर्गणी महिना पाचची तीस करावी.

एकदम सहापट! गलका झाला. "गरिबाला परवडेल का?" हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांची कळकळ खरी होती, मी त्यांना ओळखते. पण त्यांनी ज्या घरांचं नाव काढलं, त्या घरांमधून मी दर महिन्याला शंभर-दोनशे-पाचशेची आरडी आणते. ती माणसं मला कधी फुकट काही द्या म्हणत नाहीत. पाच रुपयांत आम्ही त्यांच्यावर उपकार करत नव्हतो. त्यांची वर्गणी इतकी हलकी करून ठेवली होती की ती आली काय, न आली काय, संस्थेला फरक पडत नव्हता. ज्याच्या वर्गणीने फरक पडत नाही, त्याच्या बोलण्यानेही पडत नाही. हे मी सभेत बोलले, आणि बोलताना माझा आवाज चढला होता. मग १९८३चं पान वाचून दाखवलं, नावांसकट. त्यातल्या तिघांचे मुलगे समोर बसले होते. ज्याला तीस परवडत नाहीत त्याने वर्षातले दोन दिवस पुस्तकांना पुठ्ठे घालायला किंवा आवार साफ करायला यावं, जमा आणि नावे दोन्ही बाजूंना नोंद होईल, पावती मिळेल. ठराव मंजूर झाला. सतरा जण विरोधात होते. त्यातले नऊ आज वर्गणी भरतात.

तात्या सभेला आले नव्हते, त्यांना चालवत नव्हतं. संध्याकाळी मी घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला कधी धीर झाला नाही." एवढंच. तेव्हापासून दर पहिल्या तारखेला त्यांचा नातू क्यूआर कोडवरून तीस रुपये पाठवतो आणि मग मला फोन येतो, "आले का?"

त्या मार्चअखेर हिशोबतपासनीसांनी ताळेबंदावर बोट ठेवलं. "ताई, ही देणी बाजूची अनामत ३१,२६५. ही कुणाची?" मी म्हटलं, "सभासदांची." "किती जण हयात आहेत?"

अनामत म्हणजे नाव काढलं की परत द्यायची रक्कम. ती संस्थेचं उत्पन्न नाही, कर्ज आहे. पण कुणी परत मागायला येत नाही. माणूस मुंबईला जातो, लग्न होऊन जातो, वारतो, आणि त्याचे पाच, पंधरा, पन्नास रुपये आमच्याकडे राहतात. हिशोबतपासनीसांचं म्हणणं असं, की पत्रं पाठवा, सूचना लावा, मुदत द्या, आणि कुणी आलं नाही तर सभेत ठराव करून रक्कम उत्पन्नात घ्या. रीतसर आहे ते. पण छपराची उधारी फेडायला एकतीस हजार आयते मिळतात म्हणून मी घाई केली असती तर २०१२चीच चूक पुन्हा झाली असती. मी यादी केली आणि आरडीच्या वेळी एकेक घर घेत गेले. बहुतेक ठिकाणी लोक म्हणाले, राहू द्या, देणगीत घ्या. मी तसं लिहून सही घेतली. काही ठिकाणी परत दिली. पाच रुपये परत घेताना एका आजोबांनी ते डोळ्यांना लावले.

कोळीवाड्यातल्या एका घरी मी गेल्या पावसाळ्याआधी गेले. यादीतलं नाव त्या आजींच्या घरवाल्याचं. संपानंतर परतला, मग होडीवर गेला, वारून बरीच वर्षं झाली. १९८३च्या त्या पानावरचा तो आठवा. अनामत १५, समोर शाकारणी मजुरी १५. आजी सुकट वाळत घालत होत्या. मी सांगितलं तसं हात पुसून आत गेल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, होडीचे कागद, आणि मधे आमची पावती. तात्यांचं अक्षर.

"तो वाचायचा आणि रात्री मला सांगायचा," त्या म्हणाल्या. "मला कुठं वाचता येतंय."

मी पंधरा रुपये पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. "नातीचं नाव घाल. सातवीत आहे."

"आजी, आता अनामत शंभर आहे."

"मग पंच्याऐंशी दे म्हण ना," त्या म्हणाल्या आणि कनवटीची पिशवी सोडून ओलसर नोटा मोजल्या. आकडा त्यांनी माझ्याआधी काढला होता.

नियमाने जुनी पावती व्हाउचरला जोडावी लागते. मी मागितली तर त्यांनी पिशवीची गाठ मारली. ती त्या देणार नव्हत्या, आणि मी दुसऱ्यांदा मागितली नाही. दारात मोबाइलवर फोटो काढला, नातीच्या नावाने नवी पावती फाडली, आणि घरी आल्यावर कीर्दीत लिहिलं: जुनी अनामत वर्ग रु. १५, रोख जमा रु. ८५. फोटो छापून व्हाउचरला लावला आहे, खाली आजींचा अंगठा आहे. हिशोबतपासनीस विचारतील तेव्हा हेच सांगीन. अजून यादीत दोनशे बारा नावं आहेत, उद्या पाजपंढरीच्या बाजूला जायचं आहे.